होडीतले गाणे आणि बॅटरीचा हिशेब

घोड नदीवर डिंभे येथे धरण झाले आणि त्याच्या जलाशयात जुने आंबेगाव बुडाले. तालुक्याला मात्र त्याच गावाचे नाव राहिले. समजा, या जलाशयात तुमची एक यंत्रहोडी आहे. एंजिन बंद ठेवून तुम्ही दिवसभर स्टिरिओवर गाणी ऐकलीत. सांजावल्यावर स्टार्टरचे बटण दाबले, तर नुसता ‘टक्’ असा आवाज! काठ दूर, वल्ही नाहीत. ही वेळ का आली?

एंजिन फिरवायला क्षणभरच, पण शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह लागतो. अर्धमेली बॅटरी तो देऊ शकत नाही.

शिसे-आम्ल संचायक घट फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ मध्ये तयार केला. असे सहा घट जोडले की १२ व्होल्टची बॅटरी होते. धन पट्टीवर लेड डायऑक्साइड, ऋण पट्टीवर सच्छिद्र शिसे आणि मध्ये विरल सल्फ्युरिक आम्ल असते. वीज घेतली की दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट जमते. चार्ज केल्यावर ते पुन्हा मूळ रूपात जाते. परंतु बॅटरी रिकामीच ठेवली तर सल्फेटचे स्फटिक मोठे व कठीण होतात आणि बॅटरीची धारिता कायमची घटते.

आता हिशेब करू. स्टिरिओ ६० वॅट घेत असेल, तर प्रवाह ६० ÷ १२ = ५ अँपिअर. बॅटरी १०० अँपिअर-तासांची असली तरी निम्मीच वापरावी. म्हणजे १० तास गाणी. खर्च झाले ५० अँपिअर-तास, पण परत द्यावे लागतात सुमारे ६०. काही वीज उष्णतेत व पाण्याच्या विघटनात जाते. १० अँपिअरच्या चार्जरला यासाठी निदान ६ तास हवेत. शेवटी प्रवाह कमी होत जातो, म्हणून वेळ आणखी लागतो.

चार्जिंगचा दाब साधारण १४.४ व्होल्टच्या पुढे गेला, की पाण्याचे विघटन वाढून हायड्रोजन सुटतो. हवेत तो ४ टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. म्हणून बॅटरीची जागा हवेशीर हवी आणि ठिणगी दूर हवी.

मग उपाय कोणता? दोन बॅटऱ्या: एक एंजिनची, एक गाण्यांची. त्या थेट जोडल्या तर दोन्ही रिकाम्या होतील. मध्ये सिलिकॉन डायोड घातला तर प्रवाह उलट जाणार नाही. पण तो सुमारे ०.७ व्होल्ट खातो. १४.२ चे १३.५ उरतात आणि बॅटरी उपाशी राहते. त्यापेक्षा रिले बरा. एंजिन चालू असताना तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो, बंद होताच तोडतो.

जुन्नर-आंबेगावात होडी सर्वांकडे नसेल, पण गाणी लावलेला ट्रॅक्टर बहुतेकांनी पाहिला असेल. त्यालाही हाच हिशेब लागू आहे. बॅटरी काही तास विसावल्यावर व्होल्टमीटर लावून पहा. १२.६ च्या वर असेल तर ती भरलेली, १२.२ च्या आसपास असेल तर निम्मी. तेव्हा गाणे थांबवावे.