चंदगड : सीमा आणि बोली

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, सह्याद्रीच्या माथ्यावर चंदगड तालुका वसला आहे. येथील ताम्रपर्णी घटप्रभेस मिळून कृष्णेकडे जाते. तिलारी मात्र घाट उतरून गोव्याकडे वळते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यास जोडला गेला, तेव्हा त्यातील चंदगड तालुका तेवढा वगळून कोल्हापुरास जोडण्यात आला. भात व नाचणी पिकविणाऱ्या येथील लोकांचा बेळगावच्या बाजारपेठेशी संबंध तथापि तुटला नाही. चंदगडी बोलीवर कोकणी व कानडी या दोहोंचा संस्कार आहे; तेव्हा केवळ जिल्ह्यावरून तिची गणना ‘कोल्हापुरी’त करणे शास्त्रशुद्ध नव्हे. पूर्वेकडील कोवाड (‘स्वामी’कार रणजित देसाई यांचे गाव) आणि पश्चिमेकडील पारगड येथील नमुने अभ्यासकाने स्वतंत्रपणेच नोंदवावेत.