भरपाई म्हणजे पुनर्वसन नव्हे

खाणीचं छत अंगावर कोसळून कणा मोडला, की कामगार कामातून गेला. आता भरपाई आणि जमल्यास पोराला नोकरी, एवढंच उरतं, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती निर्दयपणातून आलेली नाही. पण इजा किती मोठी, यावरच माणूस पुढे काय करू शकेल हे ठरतं, असं ती धरून चालते. वस्तुस्थिती वेगळी आहे आणि ती खाणकामगारांच्याच मोडलेल्या हाडांवरून सिद्ध झाली आहे.

इंग्लंडमध्ये मॅन्सफिल्डजवळ बेरी हिल हॉल इथे 1939 मध्ये जायबंदी खाणकामगारांसाठी पुनर्वसन केंद्र निघालं. तिथले शल्यचिकित्सक ई. ए. निकोल यांनी 1949 मध्ये पाठीच्या कण्याच्या 166 अस्थिभंगांचा अभ्यास प्रसिद्ध केला; रुग्ण मुख्यतः खाणकामगार होते. मणका तंतोतंत जागी बसवून प्लास्टरमध्ये जखडल्याशिवाय माणूस पूर्ववत होत नाही, असं तेव्हा मानलं जाई. निकोल यांना मात्र एक्स-रेमध्ये मणका दबलेला, वाकडा राहूनही पुन्हा कष्टाची कामं करणारे कामगार आढळले. हाड सरळ होणं आणि माणूस उभा राहणं या दोन निराळ्या गोष्टी निघाल्या. स्थिर अस्थिभंगात प्लास्टरपेक्षा लवकर सुरू केलेला व्यायाम अधिक उपयोगी, असा त्यांचा निष्कर्ष होता. भरपाईच्या आशेने कामगार दुखणं लांबवतात, हा आरोप तेव्हाही होताच. पण हे केंद्र काढलं ते खाणमालकांच्याच विमा संस्थेने. भरपाई ज्यांच्या खिशातून जायची, त्यांनाही कामगारावर संशय घेण्यापेक्षा त्याला चालतं करणं परवडणारं वाटलं, हे बोलकं आहे.

यावर रास्त आक्षेप असा, की मज्जारज्जूच तुटला तर व्यायाम काय करणार? तो सांधला जात नाही, हे खरंच. पण असे रुग्ण बहुधा मज्जारज्जूच्या इजेने नव्हे, तर अंथरुणातल्या जखमा आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने दगावत. 1917 मध्ये सायलेशियातल्या एका रुग्णालयात कणा मोडलेला तरुण खाणकामगार असाच काही आठवड्यांत गेला. तिथे मदतनीस असलेले लुडविग गुटमन यांनी ते पाहिलं होतं. पुढे डॉक्टर म्हणून 1944 मध्ये त्यांनी इंग्लंडमधल्या स्टोक मँडेविल रुग्णालयात दर दोन तासांनी कूस बदलणं, मूत्राशयाची काटेकोर काळजी आणि लगेच काहीतरी काम, असा क्रम लावला. रुग्ण जगू लागले, त्यांतले अनेक कामाला लागले. त्यांना कोळशाच्या थरापर्यंत पाठवावं, असं कोणी म्हणत नाही. पण लॅम्प रूम, भांडार, वजनकाटा, हजेरी हेही खाणीचंच काम आहे. श्रीमंत देशांनाच हे जमतं, असंही म्हणता येत नाही, कारण कूस बदलायला यंत्र नव्हे, माणसं लागतात.

आपल्याकडे कोळसा वेतन करारातलं 9.4.0 हे कलम कायमचं अपंगत्व आलेल्या कामगाराच्या जागी एका अवलंबिताला नोकरी देतं. चंद्रपूर-वणीकडे वेस्टर्न कोलफील्ड्स (वेकोलि) या सरकारी कोळसा कंपनीच्या वसाहतींत ‘मेडिकल अनफिट’ हा शब्द त्यामुळेच पोराच्या नोकरीशी जोडला गेला आहे. घर चालावं म्हणून ही तरतूद हवीच. मात्र 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 20 सांगतं, की नोकरीत असताना अपंगत्व आलेल्याला सरकारी आस्थापनेने काढू नये. जुनं काम जमत नसेल, तर त्याच वेतनावर दुसरं द्यावं. म्हणजे जायबंदी माणसाचा कामावर स्वतःचा हक्क आहे, आणि त्याला बरं करण्याआधीच त्याच्या वारसाचा विचार सुरू होणं हा क्रम उलटा आहे. ठेकेदाराकडच्या कामगाराला तर वेतन कराराची ही वाटही सहसा खुली नसते; त्याच्या वाट्याला येते ती फक्त भरपाईची लढाई.