फवारणी यंत्राचा प्लग काय सांगतो?

द्राक्षबागेत केवडा दिसू लागला असता फवारणीचे पेट्रोल इंजिन बंद पडणे म्हणजे हाती येणारे पीक गमावण्याची वेळ होय. अशा वेळी कार्ब्युरेटर खोलण्याची घाई करू नये. इंजिन थंड झाल्यावर प्लग काढून त्याचे टोक पाहावे.

टोक फिकट तपकिरी असल्यास ज्वलन योग्य समजावे. कोरडी काळी काजळी धरल्यास इंधनाच्या मानाने हवा कमी पडत असते; हवेची गाळणी साफ करावी आणि चोक उघडा असल्याची खात्री करावी. टोक पांढरे पडल्यास बहुधा इंधन अपुरे पडून इंजिन तापत असते. इंधनाची गाळणी व जेट तपासावेत. वारंवार दोरी ओढूनही टोक कोरडेच राहिल्यास इंधन पोचत नाही. ते पेट्रोलने भिजल्यास पुसून, चोक उघडून पुन्हा प्रयत्न करावा. तरीही इंजिन सुरू न झाल्यास ठिणगीत दोष असण्याचा संभव असतो. प्लगची फट बहुतेक लहान इंजिनांत ०.६ ते ०.८ मिलिमीटर असते. ती यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणेच राखावी.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा शोषून घेते. यास्तव हंगाम संपताच टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवण्याची दक्षता शेतकरी बंधूंनी अवश्य घ्यावी.