लॅपटॉपची पारख

कुंभाराकडून माठ घेताना जाणती माणसे तो बोटाने वाजवून पाहतात. खणखणीत नाद आला तर माठ पक्का. बद्द आवाज आला तर कोठे तरी तडा आहे असे ओळखून ती दुसरा माठ उचलतात. हजारो रुपयांचा लॅपटॉप घेताना मात्र पुष्कळ लोक पडद्याच्या झगमगाटालाच भुलतात. ज्या भागांशी हातांचा व कानांचा नित्य संबंध येणार, तो कळफलक, ती बटणे आणि आत बसविलेले लहानसे स्पीकर यांच्याकडे त्यांचे लक्षच जात नाही.

मुलांनो, या उपेक्षेची झळ सर्वांत अधिक कोणाला लागत असेल? दृष्टिहीन विद्यार्थ्याला! पडदा कितीही सुंदर असला तरी त्याला त्याचा काय उपयोग? पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी आज्ञावली तो वापरतो. ‘एन.व्ही.डी.ए.’ नावाची अशी एक आज्ञावली मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने २००६ साली तयार करावयास घेतली. जेम्स तेह हा त्याचा अंध मित्रही पुढे त्या कामात सामील झाला. ती कोणालाही विनामूल्य मिळते. कळ दाबताच तिचे नाव कानी पडते आणि ओळ लिहून झाली की ती ओळ ऐकता येते. अशा विद्यार्थ्याच्या दृष्टीने कळफलक आणि स्पीकर म्हणजेच संपूर्ण संगणक होय. म्हणून लॅपटॉपची पारख त्याच्याच रीतीने, डोळे मिटून करावी, असे मला वाटते.

डोळे मिटून दोन्ही हात कळफलकावर ठेवा. इंग्रजी ‘एफ’ व ‘जे’ या कळांवर बारीक उंचवटे असतात. दोन्ही तर्जनी त्यांवर टेकल्या की बाकीची बोटे आपोआप आपापल्या जागी बसतात. मराठीच्या ‘इन्स्क्रिप्ट’ मांडणीत त्याच दोन कळांवर ऱ्हस्व वेलांटी आणि ‘र’ आहेत. या मांडणीत स्वर डाव्या हाताकडे, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे येतात. ‘क’ साधी कळ दाबून आणि ‘ख’ तीच कळ शिफ्टसह दाबून उमटतो. बाजारातील पुष्कळ कळफलकांवर देवनागरी अक्षरे छापलेलीच नसतात, तेव्हा डोळस मुलांनाही अखेर बोटांच्या स्मरणावरच विसंबावे लागते. ते उंचवटे इतके पुसट असतील की बोटाला लागतच नाहीत, तर तो लॅपटॉप बाजूला ठेवावा.

आता ‘स्वातंत्र्य’ हा शब्द लिहून पाहा. त्यासाठी अकरा वेळा कळ दाबावी लागते आणि त्यांपैकी तीन वेळा अक्षराचा पाय मोडणारी एकच कळ येते. ती अडखळत असेल तर पडद्यावर ‘सवातंतरय’ असे काहीतरी विचित्र उमटेल! लॅपटॉपची कळ बहुधा एक ते दीड मिलिमीटरच खाली जाते. एवढ्याशा अंतरातही ‘दाबली गेली’ हे बोटाला स्पष्ट कळले पाहिजे. प्रत्येक कळ मधोमध दाबावी, तशीच कोपऱ्यावरही दाबून पाहावी. चांगली कळ डगमगत नाही.

बटणांविषयी फार लिहावयास नको. मात्र यंत्र बंद करण्याचे बटण अक्षर खोडण्याच्या कळेला खेटून असेल तर चुकून ते दाबले जाण्याचा धोका असतो. काही लॅपटॉपांत आवाज बंद करणाऱ्या कळेवर दिवा असतो खरा. पण अंध मुलाला तो दिसणार कसा? नकळत ती कळ दाबली गेली की यंत्र एकाएकी मुके होते आणि ते बिघडलेच असे त्याला वाटते. ही कळ स्पर्शाने ओळखू येते की नाही, हे अवश्य पाहावे.

स्पीकरची परीक्षा तबल्याच्या ध्वनिमुद्रणाने करून पाहा. दायाँ स्वच्छ ऐकू येईल, पण डग्ग्याचा घुमारा बहुधा हरवलेला असेल. खर्जाचा ध्वनी मोठा ऐकू यावयाचा तर पुष्कळ हवा हलवावी लागते आणि लॅपटॉपमधील चिमुकल्या पडद्याला ते झेपत नाही. हा दोष यंत्राच्या लहान आकाराचा आहे, तेव्हा त्याबद्दल दुकानदाराशी वाद घालू नये. बोलणे स्पष्ट ऐकू येते का, हे अधिक महत्त्वाचे. ‘साल’ आणि ‘शाल’ हे शब्द वेगळे ओळखता आले पाहिजेत. आवाज पूर्ण वाढविला तरी तो फाटता कामा नये. पुष्कळ लॅपटॉपांचे स्पीकर तळाशी असतात. दुकानातील टेबलावर त्यांचा ध्वनी परावर्तित होऊन छान ऐकू येतो, पण घरी गोधडीवर ठेवताच तो दबतो. म्हणून खाली जाड कापड घालूनही एकदा ऐकावे.

हलक्या लॅपटॉपांपैकी अनेकांत कळफलक वरच्या आवरणाला कायमचा जडविलेला असतो. एक कळ निकामी झाली तरी तो सगळा भाग बदलावा लागतो. त्याचा खर्च किती येईल आणि हमीच्या मुदतीत तो कोण सोसेल, हे पैसे मोजण्यापूर्वीच विचारून ठेवावे.