पगारात लिहिलेला प्रोग्रॅम कोणाचा?

आपल्या शाळेची कितीतरी मुले आज सॉफ्टवेअर कंपन्यांत आहेत. काही जण कंपनीच्या वेळेत मुक्त सॉफ्टवेअरलाही हातभार लावतात. कौतुकच आहे, परंतु मुक्त म्हणजे बिनमालकीचे नव्हे. मालकाने परवाना दिला म्हणून ते सर्वांना वापरता येते. आणि आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १७ सांगते की वेगळा करार नसेल तर नोकरीच्या कामात लिहिलेल्याचा पहिला मालक नियोक्ता. मुलाने रात्र जागून लिहिले तरी!

म्हणूनच अमेरिकेतील फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ‘ईमॅक्स’मध्ये मोठी भर घेण्यापूर्वी लेखकाकडून हक्क लिहून घेते आणि गरजेप्रमाणे त्याच्या कंपनीकडून हक्क सोडल्याचा कागदही मागते. ‘जीसीसी’ने २०२१ मध्ये ही सक्ती काढली. लिनक्स कर्नलमध्ये हक्क द्यावा लागत नाही. ‘हे देण्याचा मला अधिकार आहे’ अशी हमी मात्र नावानिशी द्यावी लागते. कंपनीची संमतीच नसेल तर ही हमी कशाच्या जोरावर देणार?

संमती लेखीच घ्यावी. हक्क लिहून देताना तर अधिक जपावे: कागदात मुदत नसेल तर कलम १९ पाच वर्षेच धरते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.