सत्तांतर आणि दप्तराचा ठिकाणा

अमेरिकेंत १७८९ पासून नव्या राज्यघटनेखालीं ऐक्य दृढ झालें, तेव्हां घटक राज्यें मोडलीं नाहींत. हैदराबाद संस्थानाची गत निराळी. सप्टेंबर १९४८ मध्यें तें भारतसरकारच्या ताब्यांत आलें, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजीं भाषेच्या पायावर त्याचे तीन भाग होऊन तीन राज्यांत गेले. हा पालट ध्यानांत न घेतल्यास जुन्या कागदांचा शोध फसतो.

उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यांत होते. नंतर ते उस्मानाबादेस जोडले गेले, आणि १९८२ सालीं लातूर जिल्हा झाला तेव्हां त्यांत आले. उलट, नांदेडच्या मुधोळ व भैंसा या भागांची वाट १९५६ सालीं आंध्रप्रदेशाकडे गेली. आज ते तेलंगणांत आहेत. म्हणून उदगीरच्या जुन्या कागदांचा माग लातुरांतच नव्हे, तर बिदरकडेही काढावा लागतो.

दुसरी अडचण कालाची. संस्थानच्या अखेरच्या काळांत फसली सनाचा आरंभ ऑक्टोबरांत होई. म्हणून इसवी सन काढतांना डिसेंबरअखेरपर्यंत ५९० व पुढें ५९१ मिळवावे. १३५७ फसलींतील सप्टेंबरच्या कागदास नुसते ५९० मिळविल्यास तो १९४७ चा ठरतो, व सत्तांतराच्या ऐन दिवसांतील लेख एक वर्ष मागें जातो.

यास्तव संग्राहकांस आमची विनंति आहे, कीं प्रत्येक कागदावर तो कोठें मिळाला एवढेंच न लिहितां, लेखनकाळींचा तालुका व जिल्हा आणि मूळ सनही जसाच्या तसा नोंदवावा.