गणिताचे छात्राध्यापक : आत्मविश्वास व चिकित्सक विचार

गणिताध्यापनाचे प्रशिक्षण घेणाऱ्या छात्राध्यापकाच्या ठिकाणी पडताळ्यावाचून विधान न स्वीकारण्याची वृत्ती आणि अपरिचित प्रश्नाचा उलगडा स्वतः करता येईल हा विश्वास, असे दोन परस्परावलंबी गुण अपेक्षित असतात. मानसशास्त्रज्ञ ॲल्बर्ट बँडुरा (१९२५–२०२१) यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या स्वक्षमताविषयक उपपत्तीनुसार असा विश्वास मुख्यत्वे प्रत्यक्ष यशाच्या अनुभवातून निर्माण होतो. सराव पाठात मात्र आवाज, फळ्यावरील अक्षर व वर्गातील वावर यांतील सफाईलाच पुष्कळदा आत्मविश्वास समजले जाते.

लिपिंग मा यांचा १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या दृष्टीने उद्‌बोधक आहे. त्यांनी अमेरिकेतील २३ व चीनमधील ७२ प्राथमिक शिक्षकांना विचारलेल्या प्रश्नांपैकी एक, पावणेदोनला अर्ध्याने भागण्याचा होता. सर्व चिनी शिक्षकांनी साडेतीन हे उत्तर काढले. अमेरिकन शिक्षकांपैकी निम्म्यांनाही ते साधले नाही. या भागाकाराचे व्यावहारिक उदाहरण रचताना अर्ध्याने भागणे व निम्मे करणे यांत अनेकांची गल्लत झाली. वस्तुतः पावणेदोन लिटर दूध अर्ध्या लिटरच्या मापाने मोजल्यास साडेतीन मापे भरतात, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा प्रश्न अधिक मार्मिक होता. परिमिती वाढली की क्षेत्रफळही वाढते, असा शोध लागल्याचे एक विद्यार्थिनी सांगते. पुराव्यादाखल ती ४ सेंमी. बाजूचा चौरस व ८ × ४ सेंमी.चा आयत दाखविते. शिक्षकाने काय करावे? काही अमेरिकन शिक्षकांना पुस्तकाचा आधार घ्यावासा वाटला. स्वतः पडताळा पाहणारे थोडेच निघाले. ८ × १ सेंमी.च्या आयताची परिमिती १८ सेंमी., म्हणजे चौरसापेक्षा २ सेंमी. जास्त, क्षेत्रफळ मात्र १६ ऐवजी केवळ ८ चौ. सेंमी. म्हणून तिचे विधान सर्वत्र खरे नाही. तथापि आयताची एक बाजू कायम ठेवून दुसरी वाढविल्यास ते खरे ठरते. कित्येक चिनी शिक्षक अशा अटींच्या शोधापर्यंत पोहोचले. त्यांचे औपचारिक शिक्षण अमेरिकन शिक्षकांपेक्षा कमी वर्षांचे होते. सहकाऱ्यांसमवेत पाठ्यपुस्तकाचा बारकाईने अभ्यास करण्याचा प्रघात मात्र त्यांच्याकडे होता.

शिक्षकाच्या मनातील धास्ती त्याच्यापुरती राहत नाही. अमेरिकेतील पहिली-दुसरीच्या वर्गांविषयी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, शिक्षिकेला गणिताची भीती जितकी अधिक तितकी वर्षअखेरीस तिच्या विद्यार्थिनींची गणितातील प्रगती कमी आढळली. मुलग्यांत असा संबंध दिसला नाही.